उजवीकडची कॅप्सूल

लोक मला विचारतात, तुम्ही खुन्यांची डोकी तपासता म्हणजे नक्की काय करता? मी सांगते, त्यांना आडवं झोपवते आणि हलू नका म्हणते. यावर लोक हसतात. पण माझ्या कामातला बराचसा भाग खरंच तेवढाच आहे. माणूस हलला की चित्र बिघडतं, आणि चित्र बिघडलं की प्रोफेसरबाईंचं तोंड बिघडतं.

आमचं एमआरआय मशीन एका लांबलचक पांढऱ्या ट्रेलरमध्ये आहे. तो ट्रेलर तुरुंगाच्या मागच्या आवारात, धोबीखान्याच्या भिंतीला लागून उभा असतो, त्यामुळे दिवसभर आत साबणाचा वास येतो. प्रोफेसरबाईंनी दोन वर्षांपूर्वी हा अभ्यास काढला. मारहाण, खून अशा गुन्ह्यांसाठी आत आलेल्या शंभर माणसांचे मेंदू आणि बाहेरच्या शंभर साध्या माणसांचे मेंदू शेजारी शेजारी ठेवायचे आणि फरक कुठे दिसतो ते शोधायचं. बाई विद्यापीठात बसतात, आठवड्यातून एकदा इकडे येतात. उंटावरून शेळ्या हाकतात असं मी एकदा चष्मिसला म्हणाले, तर तो म्हणाला, मग शेळ्या कोण, आपण? चष्मिस म्हणजे आमचा कॉम्प्युटरवाला. मशीनमधून निघालेली चित्रं साफसूफ करून बाईंकडे पाठवणं हे त्याचं काम.

या मशीनला एक जुनं दुखणं आहे. कुठल्याशा हॉस्पिटलने टाकून दिलेलं हे यंत्र. चित्रं एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेताना कधीकधी डावं-उजवं उलटं होतं, आरशात होतं तसं. मेंदूच्या दोन्ही बाजू दिसायला जवळजवळ सारख्याच, त्यामुळे नुसतं बघून पटकन कुणाला कळत नाही. त्यावर उपाय अगदी साधा आहे. माणसाला मशीनमध्ये सरकवण्याआधी त्याच्या उजव्या कानशिलावर व्हिटॅमिनची एक तेलकट कॅप्सूल चिकटपट्टीने लावायची. चित्रात ती पांढरा ठिपका होऊन उमटते. ठिपका जिकडे, ती उजवी बाजू. चष्मिसने टेबलावर कागदच लावून ठेवलाय: मशीन चुकतं, कॅप्सूल चुकत नाही. कॅप्सूल लावायचं काम माझं.

आता घरचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

माझा दादा तुरुंगात आहे. पंखे-मिक्सर दुरुस्तीचं त्याचं दुकान होतं. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी त्याने वहिनीला टेबलफॅनच्या लोखंडी पायाने मारलं आणि ती गेली. भांडण कपाटाच्या किल्लीवरून झालं होतं. किल्ली त्याच्याच खिशात निघाली. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं कुणी सहज बोलून गेलं तरी तेव्हापासून मी तिथून उठून जाते. वहिनी माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिला या घरात मीच आणलं होतं.

त्यांची एक मुलगी आहे, माझी भाची. तेव्हा आठ वर्षांची होती, आता अकराची आहे. ती, आई आणि मी अशा तिघी आम्ही राहतो. नवऱ्याशी माझं पटलं नाही, त्याचं आडनाव तेवढं माझ्याकडे राहिलं. त्या आडनावामुळेच तुरुंगातलं हे काम मला मिळालं असं म्हणायला हरकत नाही, कारण दादाची बहीण म्हणून मला कुणी ओळखलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. दादा तेव्हा दुसऱ्या तुरुंगात होता.

भाची गुणी आहे, पण चिडते. सगळीच पोरं चिडतात. दुसऱ्याचं पोर चिडलं की लोक हट्टी म्हणतात, ही चिडली की सगळे गप्प होतात. गेल्या वर्षी शाळेत तिने एका मुलीला बाकावरून ढकललं आणि त्या मुलीचा ओठ फुटला. मुलीची आई फाटकाशी उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, खाण तशी माती. पोरीने घरी येऊन मला त्याचा अर्थ विचारला. मी टाळलं. तिने तो दुसऱ्या कुणाकडून तरी काढून घेतलाच. तेव्हापासून राग आला की ती दोन्ही मुठी मांड्यांखाली दाबून बसते, तोंड लालबुंद होईपर्यंत. ते बघवत नाही.

एकदा वेणी घालताना तिने विचारलं, "आत्या, बाबांच्या डोक्यात जे आहे ते माझ्या डोक्यात पण असेल का?"

"बाबांच्या डोक्यात काय आहे ते कुणालाच माहीत नाही," मी म्हणाले.

"पण तू तेच शोधतेस ना?"

मी वेणी उगीचच घट्ट ओढली.

आईकडे मात्र उत्तर तयार होतं. तिचं उत्तर म्हणजे शिडी. दादा नऊ वर्षांचा असताना माळ्यावरची ट्रंक काढायला शिडीवर चढला होता. खाली शिडी धरून मी उभी होते, सहा वर्षांची. मांजर आलं म्हणून मी शिडी सोडली. दादा पडला, कपाळाची डावी बाजू उंबरठ्यावर आपटली, दोन दिवस तो शुद्धीवर नव्हता. आईने वकिलाला सांगितलं, कोर्टाला सांगितलं, शेजारणीला सांगितलं: पोरगा तेव्हापासून असा झाला, आधी गरीब गाय होता. शिडी कुणी सोडली ते ती कधीच सांगत नाही. सांगत नाही म्हणूनच मला ते रोज ऐकू येतं.

खरं बोलायचं तर पडायच्या आधीही दादाने एका मुलाचा कान चावून रक्त काढलं होतं. मला ते आठवतं, आईला आठवत नाही. मी तिला आठवण करून दिली नाही, कारण शिडीची गोष्ट मलाही हवी होती. डोक्याला लागलेला मार बापाकडून लेकीकडे जात नाही. दोष माझ्या पदरात पडला असता तर पडू दे, पोर तरी सुटली असती. या अभ्यासात मी दोन वर्षं दुसऱ्यांची डोकी बघत होते ती याच आशेने, की कधीतरी दादाचंही बघायला मिळेल.

आणि मिळालं. आमच्याकडे कैदी नावाने येत नाहीत, क्रमांकाने येतात. एका सकाळी दहा वाजता एक्केचाळीस क्रमांक आत आला, तो दादा होता. त्याला महिन्यापूर्वी इथे हलवलं होतं. आम्हाला पत्ता नव्हता, कारण तो पत्र लिहीत नाही आणि भेटायला गेलेल्या आईलाही त्याने दोनदा परत पाठवलं होतं.

नियम स्पष्ट आहे. नात्यातलं माणूस आलं तर उठायचं, बाईंना फोन करायचा, स्कॅन दुसऱ्याने करायचा. मी उठले नाही. मी फॉर्म पुढे ओढला आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. अंगात धातूचा तुकडा? ऑपरेशन? बंद जागेची भीती? नाही, नाही, नाही. त्यानेही ओळख दाखवली नाही. डोक्याला कधी मार लागला होता?

"लहानपणी पडलो होतो," तो म्हणाला, आणि तेव्हा पहिल्यांदा त्याने माझ्याकडे पाहिलं.

गार्डला मशीनच्या खोलीत यायची बंदी असते, त्याच्या पट्ट्याचं बक्कल आणि चाव्या मशीन खेचून घेईल. तो दारातच थांबला. मी दादाला टेबलावर झोपवलं, कानांवर हेडफोन लावले, हातात बटण दिलं. रोज मी माणसाच्या उजव्या अंगाला, दाराच्या बाजूला उभी राहते. आधीच्या हॉस्पिटलातली नोकरी धरून अकरा वर्षं मी त्याच बाजूला उभी राहत आलेय. त्या दिवशी मी टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले. मला त्याची ती जुनी खूण बघायची होती. मी केस मागे सारले. डाव्या भुवईच्या वर, केसांच्या रेषेत ती होती, तांदळाच्या दाण्याएवढी. मी तिला बोट लावलं. दादाने डोळे मिटून घेतले. मग मी चिकटपट्टी तोडली, कानशिलावर कॅप्सूल लावली, डोक्यावर जाळीचा पिंजरा बसवला आणि बाहेर आले.

आत माणसाला चेहरे दाखवतात. घाबरलेले, रडणारे, रागावलेले, एकेक चेहरा दोन सेकंद. बाई असेल तर एक बटण, पुरुष असेल तर दुसरं. त्याला वाटतं आपली परीक्षा चाललीय. खरं तर घाबरलेला चेहरा बघून मेंदूचा कुठला भाग जागा होतो ते आम्ही बघत असतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये मशीन दोन-तीन मिनिटं शांत होतं. काचेच्या अलीकडे मी एकटी होते, चष्मिस ट्रेलरच्या दुसऱ्या टोकाला कानात गाणी घालून बसला होता. मी मायक्रोफोनचं बटण दाबलं.

"दादा," मी म्हणाले, "त्या दिवशी काय झालं रे?"



"मी मध्ये थांबलो होतो," तो म्हणाला.

"कधी?"

"मारताना. दम लागला म्हणून थांबलो. पाणी प्यायलो. ती माझ्याकडे बघत होती. मग परत उठलो."

मी बटणावरचं बोट काढलं आणि पुढची फेरी सुरू केली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आईला नाही, बाईंनाही नाही.

स्कॅन संपला की मी प्रत्येकाला एकच वाक्य म्हणते: झालं, आता हललात तरी चालेल. त्यावर माणसं काय काय करतात. कुणी आधी नाक खाजवतो, कुणी पाय ताणतो, एक जण तर मोठ्याने शिव्या द्यायला लागला होता. दादा हललाच नाही. टेबल बाहेर आलं, मी पिंजरा काढला, तरी तसाच पडून. गार्डने दोनदा हाक मारली तेव्हा उठला. अख्ख्या अभ्यासात इतकं स्थिर डोकं दुसरं नाही, असं नंतर बाई कौतुकाने म्हणाल्या.

तो गेल्यावर मी चित्र उघडलं. निदान करायचा मला अधिकार नाही, पण अकरा वर्षं डोकी बघितलेल्या बाईला डाग ओळखता येतो. कपाळाच्या मागे वाटाण्याएवढा जुना डाग होता. माझ्या पडद्यावर कोपऱ्यात डावं-उजवं लिहिलेलं असतं. मी तीनदा ताडून पाहिलं. डावी बाजू. पांढरा ठिपका कुठे उमटलाय ते मी पाहिलंच नाही. हवं ते डोळ्यांसमोर असताना कॅप्सूल कोण बघत बसतं?

मला आनंद झाला. सांगायला लाज वाटते, पण झाला. तो मध्ये थांबून पाणी प्यायला होता, हे मी त्या डागाखाली झाकून टाकलं.

त्या संध्याकाळी मी नियम आणखी एकदा मोडला आणि घरी सांगितलं. आई म्हणाली, "मी सांगतच होते." मग तिने माझ्याकडे बघितलं आणि कपड्यांच्या घड्या घालायला आत गेली. मला वाईट वाटलं नाही. पोरीला मी कपाचं उदाहरण दिलं. कप खाली पडला की टवका उडतो, म्हणून त्याच कारखान्यातले पुढचे कप टवका घेऊन बाहेर पडत नाहीत. तिने बराच विचार केला. मग मशीनबद्दल सगळं विचारून घेतलं: पिंजरा कसा असतो, किती वेळ पडून राहायचं, खाज आली तर काय, कॅप्सूल कशाला. मी पलंगावर उशी ठेवून तिला सगळं करून दाखवलं. रात्री ती दोनदा वाढून घेऊन जेवली. दुसऱ्या दिवशी टीव्हीवरून तिचं आणि आईचं कडाक्याचं भांडण झालं, हात नाचवून, पाय आपटून. मुठी मांड्यांखाली गेल्या नाहीत. नात आपल्यावर ओरडली म्हणून आईच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं. असं घर आहे आमचं.

हे सुख दहा दिवस टिकलं.

अकराव्या दिवशी बाईंची बैठक होती. भिंतीवर एकेका क्रमांकाचं चित्र येत होतं. एक्केचाळीस आला. डाग तोच होता, पण उजवीकडे. मला वाटलं मीच उलटं बघतेय. चष्मिस म्हणाला, प्रोग्रॅमने डाग डावीकडे दाखवला होता, पण कॅप्सूलचा ठिपकाही डावीकडेच होता, म्हणून त्याने चित्र उलटवून घेतलं. या महिन्यात मशीन तिसऱ्यांदा चुकलं, असं म्हणून तो हसला. बाईंनी तुरुंगाची फाइल चाळली. लहानपणी मार लागलाय तो कपाळाच्या डाव्या बाजूला. डाग उजवीकडे. जुळत नाही. तेव्हा हा मार नव्हे, जन्मजात असणार. त्यांनी एक्केचाळीस क्रमांक जन्मजातच्या रकान्यात टाकला. त्या रकान्यात तो धरून अकरा जण झाले. मग बाईंनी आनंदाची बातमी म्हणून सांगितलं की अभ्यासाच्या पुढच्या टप्प्याला समितीची परवानगी आली आहे. या अकरा जणांच्या मुलांना तपासणीसाठी बोलवायचं. पालकांना पत्रं जातील.

तेव्हा मला आठवलं. मी त्या दिवशी पलीकडच्या बाजूला उभी होते. माझ्या हाताला जवळचं कानशील म्हणजे उजवं, अशी अकरा वर्षांची सवय. मी कॅप्सूल डावीकडे लावली होती.

तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. पण कॅप्सूल चुकली म्हणावं तर पलीकडे का गेलीस ते सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की दादा कोण हेही सांगावं लागणार, आणि मग डाग डावीकडचा असो की उजवीकडचा, चित्रच बाद होणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी स्वतःला समजावलं की पत्रं निघायला महिना जाईल. सरकारी काम, सहा महिने थांब. आमच्या विद्यापीठातून आजवर एक कागद वेळेवर पोचला नव्हता. नेमकं हेच पत्र चौथ्या दिवशी दारात आलं.

मी कामावरून आले तेव्हा पोर टेबलाशी बसली होती, मुठी मांड्यांखाली. समोर पत्र होतं, घड्या नीट सरळ केलेलं. आपल्या पाल्याच्या वडिलांच्या तपासणीत जन्मतः असलेला फरक आढळला आहे, तरी आपल्या पाल्याला तपासणीस आणावे. आई चष्मा शोधत होती, तेवढ्यात पोरीने ते वाचून काढलं होतं.

"जन्मतः म्हणजे जन्मापासून ना?" तिने विचारलं.

मी तिच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं, पाणी पिण्याचं सोडून. पलीकडे उभं राहणं, कॅप्सूल, उलटवलेलं चित्र. चूक माझी आहे, डाग डावीकडेच आहे, कपाचा टवकाच आहे. तिने मध्येच तोडलं नाही. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "कपाचं तू आधी पण असंच सांगितलं होतंस."

"कारण तेच खरं आहे."

"मग हे पण तुमच्याच ऑफिसातून आलंय." ती पत्राकडे बघत राहिली. "मला बघू दे. मला त्या मशीनमध्ये घाल. मी हलणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रोफेसरबाईंच्या खोलीत गेले. पुस्तकं खुर्चीवरसुद्धा रचलेली होती, म्हणून मी उभ्यानेच बोलले. पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, पाणी पिण्याचं इथेही सोडून. बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि शांतपणे म्हणाल्या की एक्केचाळीस क्रमांक अभ्यासातून काढावा लागेल, गेल्या दोन वर्षांत मी लावलेली प्रत्येक कॅप्सूल तपासावी लागेल, आणि मी उद्यापासून येऊ नये. हे मी धरूनच चालले होते.

"पण डाग डावीकडे आहे," मी म्हणाले. "म्हणजे तो मारच आहे. तेवढं तरी मान्य करा."

"डावीकडे असला तरी काही सिद्ध होत नाही," बाई म्हणाल्या. "कवटीत मेंदू हिंदकळतो. मार इकडे बसतो आणि खूण तिकडे उमटते, असंही होतं. आणि असे डाग आपल्या साध्या माणसांतही नऊ जणांत सापडलेत. त्यातली एक बाई संगीत शिकवते."

"मग तुम्ही जन्मजात कशावरून लिहिलंत?"

"तो तक्ता आहे. कुठल्यातरी रकान्यात टाकावंच लागतं."

मला त्यांच्या टेबलावरचं सगळं खाली लोटून द्यावंसं वाटलं. खरंच वाटलं, हात उचलला गेला होता. मग मला तो हात दिसला आणि मी तो मागे घेऊन दुसऱ्या हातात धरला. दादा माझाही सख्खा भाऊ आहे, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मी तिथे पोरीची तपासणी थांबवायला गेले होते. आता उलट विनवण्या करायला लागले. तिला बोलवा, तिचं डोकं बघा, आणि एक ओळ लिहून द्या की पोरीत काही नाही.

"ती आता आमच्या अभ्यासात बसत नाही," बाई म्हणाल्या. "एक्केचाळीस क्रमांकच नाही तर त्याची मुलगी कुठून आली? आणि तशी ओळ मी कुणालाच लिहून देऊ शकत नाही. आहे की नाही ते आम्हाला कळत नाही अजून. म्हणून तर अभ्यास चाललाय." मग त्यांचा आवाज थोडा खाली आला. "मुलीला पत्र वाचायला द्यायला नको होतं तुम्ही."

ट्रेलरमधून माझा डबा आणि चपला घेऊन मी बाहेर पडले. चष्मिस खाली मान घालून बसला होता. त्याने टेबलावरचा तो कागद काढून टाकला होता, चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे राहिले होते.

आठवड्याने विद्यापीठाचं दुसरं पत्र आलं, दोन ओळींचं. आधीचे पत्र रद्द समजावे. पोरीने तेही वाचलं.

"रद्द म्हणजे खोटं होतं?"

"रद्द म्हणजे रद्द," मी म्हणाले. खोटं होतं असं म्हणायला जीभ रेटली नाही. पाणी पिणारा दादा मध्येच येऊन उभा राहत होता.

"म्हणजे आता ते माझं बघणारच नाहीत?"

"नाही."

"मग मला कसं कळणार?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, मार लागला होता गं बाई, शिडीवरून पडला होता तो. पोरीने तिकडे मान वळवली नाही. आईच्या शिडीवर आता घरात आईशिवाय कुणाचाच विश्वास उरला नव्हता, आणि ती शिडी सोडली ती मीच, दुसऱ्यांदा.

त्यानंतर पोर चिडली नाही. एकदाही नाही. तिच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या की आता ती किती शांत झालीय. टीव्हीसाठी भांडण नाही, वेणी ओढली गेली तर ओरडणं नाही. मी तिला मुद्दाम डिवचून पाहिलं, तिचा आवडता कप माझ्यासाठी घेतला, तिची वही लपवली. तिने वही शांतपणे शोधून काढली आणि खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

काल दुपारी मी एका दवाखान्यात नोकरीचं विचारून परत आले. आई झोपली होती. पोरीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी ढकललं, तर ती पलंग आणि कपाट यांच्यामधल्या अरुंद जागेत जमिनीवर उताणी पडली होती, हात अंगालगत, पाय जुळवलेले. तोंडावर कपड्यांची जाळीची टोपली उपडी घातलेली. तिच्या कानशिलावर, माझ्या पिशवीतल्या चिकटपट्टीने, आजीच्या औषधातली एक कॅप्सूल लावलेली होती. बरोबर उजव्या कानशिलावर. तेवढं तिला माझ्यापेक्षा नीट जमलं होतं.

"वीस मिनिटं झाली, आत्या," ओठ कमीत कमी हलवत ती म्हणाली. "मी अजिबात हलले नाही. आता बघ."

मी गुडघ्यांवर बसले आणि टोपलीच्या भोकांतून बघितलं. माझ्या मैत्रिणीचं कपाळ होतं, आणि खाली दादाची हनुवटी. घामाचा एक थेंब नाकाच्या शेंड्यावर आला होता, तोसुद्धा तिने पुसला नव्हता. मी बघत राहिले, जणू खरंच काही दिसणार होतं.

"झालं," मी म्हणाले. "आता हललीस तरी चालेल."

"आधी काय दिसलं ते सांग," ती म्हणाली, आणि तशीच पडून राहिली.